वांगी इत्यादी

आनंदराव भोयर यांनी चौपन्न वर्षांच्या आयुष्यात एकच खोटा अर्ज केला, आणि तो वांग्यांच्या नावाने केला. विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणारा माणूस. दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांना वांग्यापलीकडे काही सुचलं नाही. पण ते पुढे. आधी मुलीचं सांगायला हवं, कारण हे सगळं मुलीपायी झालं.

सृष्टी अमेरिकेत ऑस्टिनला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ती बारा दिवसांसाठी घरी आली होती. तिला विमानतळावर सोडून कोथरूडला परत येताना आनंदरावांनी मनाशी मोजलं, की या बारा दिवसांत मुलगी आपल्या वाट्याला किती आली? उत्तर आलं साडेतीन तास, आणि तेही विमानतळाचा रस्ता धरून. बाकीचे दिवस मैत्रिणी, दातांचे डॉक्टर, बँक, झोप आणि मोबाईल यांनी आपसांत वाटून घेतले होते. आनंदराव कुणाला काही बोलले नाहीत. बापाने हट्ट करायचा नसतो, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलं होतं. पण ते साडेतीन तास त्यांना दोन वर्षं टोचत राहिले.

यंदा ती डिसेंबरात अकरा दिवसांसाठी येणार होती, आणि त्यातले दोन रविवार होते. रविवार हे आनंदरावांचं हुकमी पान. त्यांना आयुष्यात एकच पदार्थ करता येतो, तो म्हणजे मटण, आणि तो ते रविवारी करतात. सृष्टी शाळेत असताना ओट्याशेजारी स्टुलावर बसून कांदा किती लाल झाला ते बापाला सांगायची. तो सगळा आठवडा त्या एका स्टुलासाठी जगण्यासारखा असे.

ऑक्टोबरात व्हिडिओ कॉलवर तीच मुलगी म्हणाली, "बाबा, इथे ना, दहा-दहा तास धुरावर मटण ठेवतात. तोंडात नुसतं विरघळतं. तुम्ही खाल्लंत तर घरचं विसराल."

आनंदराव हसले. फोन ठेवला आणि उरलेला रविवार ते पंख्याकडे बघत बसले. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आपण धुरीचं यंत्र घेतोय. विजेवर चालणारं. घरी धुरावरचं मटण मिळालं, तर पोरगी रविवारची घर सोडून जाईल कशाला?"

दीपमालाबाई बावीस वर्षं पुण्यात आहेत आणि एरवी पुण्याचंच मराठी बोलतात. राग आला की मात्र त्या एका वाक्यात वर्धेला पोहोचतात. "काहून जी?" त्या म्हणाल्या. "पोरीले धूर पाहिजे का माय-बाप?"

हा प्रश्न चांगला होता, पण आनंदरावांनी तो छाननीत बाजूला ठेवला.

यंत्र निवडणं ही गोष्ट सोपी असेल अशी त्यांची समजूत होती. बाणेरच्या दुकानात तेजस नावाचा एक तरुण होता. त्याने विचारलं, "काका, तुमचा यूज केस काय आहे?"

"मटण," आनंदराव म्हणाले.

"ते बरोबर. पण वीकेंडला करणार, की रेग्युलर? फॅमिली साइज काय?"

"माणसं दोन. अकरा दिवसांसाठी तीन."

तेजसने त्यांच्याकडे जरा हळुवारपणे पाहिलं आणि तीन प्रकार दाखवले. पहिला गोल पिंपासारखा. दुसरा कपाटासारखा उभा, काचेचं दार आणि आत चार जाळ्या. तिसरा म्हणजे राजेशाही कारभार होता. मटणात एक सळई खुपसायची, ती मटणाचं तापमान मोबाईलवर कळवणार. माणूस ऑफिसात असला तरी मटण आता किती अंशांवर आहे ते त्याला समजणार. आनंदरावांना हा तिसरा फार आवडला. घरी येऊन त्यांनी त्याचं वर्णन केलं.

"मागच्या महिन्यात मले ताप आला होता," दीपमालाबाई म्हणाल्या, "तवा कपाळाले हात लावाले तुमाले सवड नव्हती. आता मेलेल्या बोकडाचा ताप मोबाईलवर पाहून राहिले का?"

तिसरा प्रकार त्याच संध्याकाळी बाद झाला.

राहिले दोन. सल्ल्यासाठी आनंदराव कसबा पेठेत अल्लाबक्षकडे गेले. पुण्यात आल्यापासून मटण अल्लाबक्षकडूनच, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा. अल्लाबक्षने माहितीपत्रक सुरी ठेवून मग हातात घेतलं, चित्रं पाहिली आणि परत दिलं. "साहेब, एकदा आम्ही मारतो त्याला. तुम्ही पुन्हा दहा तास धुरात कोंडून काय विचारणार आहात त्याला?"

"मुलगी येतीय, अल्लाबक्ष. तिला तिकडची सवय झालीय."

अल्लाबक्षचा चेहरा बदलला. त्याची मुलगी तरन्नुम लग्न होऊन औरंगाबादला गेली, त्याला सहा वर्षं झाली. "मग घ्या," तो म्हणाला. "कपाटवालं घ्या. मी अख्खं रान देतो, मागचा पाय, हाडासकट. पोरगी आली की फक्त फोन करा."

खरी गंमत सोसायटीत होती. सुमेरू सोसायटीत बावीस घरं. त्यातली एकोणीस शाकाहारी, निदान दारावरच्या पाट्यांवरून तरी तसं वाटे. आनंदराव धुरीचं यंत्र घेणार ही बातमी फुटली, आणि लिफ्टमध्ये माणसं त्यांच्या कानाशी लागू लागली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दार बंद झाल्यावर म्हणाले, "पिंप घेऊ नका हो. खालचं करपतं, वरचं कच्चं राहतं. माझ्या एका मित्राचा अनुभव आहे." दुसऱ्या एकांच्या मित्राला कोंबडी आधी मिठाच्या पाण्यात ठेवण्याचा अनुभव होता. तिसऱ्याचा मित्र तर बांगड्यापर्यंत पोहोचला होता. एकोणीस शाकाहारी घरांना एवढे बहुश्रुत मित्र असतील, याची आनंदरावांना कल्पना नव्हती. सगळ्यांचं मत कपाटाकडे झुकलं, आणि कपाट ठरलं.

आता ते ठेवायचं कुठे? फ्लॅटमध्ये धूर कोंडला असता. आनंदराव सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात आणि डोक्यावर गच्ची आहे. पण गच्ची सोसायटीची. म्हणजे अर्ज आला, आणि अर्ज आला की परचुरे आले.

आमोद परचुरे हे सोसायटीचे अध्यक्ष. निवृत्त हवालदाराचा दरारा आणि निवृत्त मुख्याध्यापकाचं अक्षर, वस्तुतः निवृत्त बँक अधिकारी. सूचनाफलकावरच्या त्यांच्या सूचना वाचायला शेजारच्या सोसायटीतून माणसं येतात. 'जिन्यात थुंकणाऱ्याने आपले नाव कळवावे, म्हणजे आभार मानता येतील' ही त्यांचीच. त्यांच्या अर्जाच्या नमुन्यात 'प्रयोजन' असा एक रकाना असतो. तो कोरा ठेवलेला त्यांना चालत नाही.

आनंदराव त्या रकान्यापाशी अर्धा तास थांबले. 'मटण' लिहावं तर एकोणीस घरं आहेत, आणि मित्रांना मत नसतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'वांगी इत्यादी भाजणे.' अल्लाबक्षचं अख्खं रान त्यांनी त्या 'इत्यादी'मध्ये दडवलं. तारीख लिहिली सृष्टी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारची.

समितीच्या बैठकीला ते उत्तरं पाठ करून गेले. धूर किती, वीज किती, वास कुठवर. पण कुणी काही विचारलंच नाही. परचुऱ्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि प्रथमच जरा आदराने बघितलं. सचिव तनुजाताई ओगले तर भारावून गेल्या होत्या.

"तुमच्याकडे खंडोबा आहे हे माहीत नव्हतं हो, भोयर," त्या म्हणाल्या.

आनंदरावांना काही कळेना. खोटा अर्ज करणाऱ्याने अशा वेळी गप्प बसावं, हे मात्र त्यांना एकतीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. घरी येऊन त्यांनी कॅलेंडर पाहिलं. त्यांनी मागितलेला रविवार नेमका चंपाषष्ठीचा होता. चातुर्मासात सोडलेलं वांगं लोक त्या दिवशी पुन्हा खातात, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवतात. वर्धेकडे त्यांच्या घरी ही चाल नव्हती, त्यामुळे तारीख टाकताना डोक्यातही आलं नाही. अख्ख्या समितीला वाटलं, की हा माणूस केवळ नैवेद्याचं वांगं नीट भाजावं म्हणून परदेशी यंत्र आणतोय.

परवानगी एकमताने मिळाली. सोबत सात अटी होत्या. सहा साध्या होत्या. सातवी अशी होती : 'यंत्र चालू असेपर्यंत अर्जदाराने यंत्राशेजारी खुर्चीवर बसून राहावे. खुर्ची एकच असावी.' एकच का, तर गच्चीबाबत परचुऱ्यांचा जुना सिद्धांत आहे. एक खुर्ची म्हणजे राखण, दोन म्हणजे बैठक आणि तीन म्हणजे पार्टी.

ही सातवी अट आनंदरावांच्या फार जिव्हारी लागली. यंत्राचा सगळा मोठेपणा हाच होता, की ते लावून माणसाने खुशाल निघून जावं. माहितीपत्रकावर एक हसरं कुटुंब यंत्राकडे पाठ करून चेंडू खेळत होतं. आणि इथे विमा कंपनीचा वरिष्ठ अधिकारी पाण्याच्या टाकीजवळ राखणदारासारखा बसणार. "मुलगी खाली, आणि मी वर," ते दीपमालाबाईंना म्हणाले. "याच्यासाठी केला का अट्टाहास?"

"मी तं आधीच बोलली होती," दीपमालाबाई म्हणाल्या.

यंत्र आलं. खोक्यावर तंगड्या वर केलेली कोंबडी, एक मासा आणि आणखी काही न ओळखता येणारं मांस यांचं रंगीत चित्र होतं. लिफ्टमध्ये खोकं मावेना. मग दीपमालाबाईंनी त्याच्यावर जुनी हिरवी साडी घातली आणि दोन हमालांनी ते जिन्याने वर नेलं. दुसऱ्या मजल्यावर तनुजाताई दारात उभ्या होत्या. साडी नेसलेलं ते चौकोनी प्रकरण वर जाताना पाहून त्यांनी नमस्कार केला. आनंदरावांनीही त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार?

धुरासाठी लाकूड लागतं, आणि फळझाडाचं लागतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. सफरचंदाचं किंवा चेरीचं. पुण्यात फळझाडाचं वाळकं, तोडलेलं, स्वच्छ लाकूड मिळण्याचं ठिकाण एकच. आनंदराव पूजा साहित्याच्या दुकानात गेले आणि आंब्याच्या समिधा मागितल्या.

"कोणता होम?" दुकानदाराने विचारलं.

"घरगुतीच आहे."

"घरगुती म्हणजे गणहोम की वास्तुशांत? त्याप्रमाणे वजन असतं."

"साधारण दहा तास चालेल."

दुकानदाराने चटकन हात जोडले आणि समिधांबरोबर धूप स्वतःकडून घातला.

गुरुवारी सृष्टी आली. शुक्रवारी झोपली. शनिवारी मैत्रिणींकडे गेली. आनंदराव मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते. तीन दिवसांत चाळीस मिनिटं झाली होती. शनिवारी दुपारी त्यांनी नवं यंत्र रिकामंच चालवून पाहिलं, तसं करावं लागतं म्हणून. आंब्याच्या समिधांचा धूर मजल्यामजल्यांवरून खाली उतरला आणि सोसायटीचं वातावरणच पालटलं. दोन वृद्ध बायका कोणाकडे होम आहे ते विचारत वर आल्या. परचुरे आले ते चपला जिन्यातच काढून. वासाबद्दल तक्रार येणार म्हणून आनंदरावांचा जीव मुठीत होता, आणि इकडे लोक धूर ओंजळीने डोक्यावरून घेत होते.

ती सगळी माणसं चपला घालून खाली गेली आणि एकमेकांशी बोलली. त्याचा परिणाम रविवारी सकाळी साडेसहाला दिसला.

पहिली बेल तनुजाताईंची. हातात ताट, ताटात चार वांगी. "तुमची होतीलच, त्यात आमची टाका. त्या काचेच्या शेगडीवर वांगं भाजायचं म्हणजे सगळी शेगडी घासत बसा. आणि बाराच्या आत द्या हं, नैवेद्य आहे."

दुसरी बेल. तिसरी. सात वाजेपर्यंत अकरा घरांची वांगी भोयरांच्या दिवाणखान्यात जमली. कुणी तेल लावून, कुणी लसूण टोचून, कुणी टूथपिकला फ्लॅटनंबरची चिठ्ठी अडकवून. "आमच्यात लसूण नाही. लसणीच्या वांग्यांना चिकटू देऊ नका," असं एका काकूंनी बजावलं. शेवटी स्वतः परचुरे आले. त्यांच्या हातात एकच वांगं होतं, रुमालात धरलेलं. "मी एकटाच आहे. एक पुरे," ते म्हणाले आणि लगेच खाली गेले. त्यांचा मुलगा सिडनीला असतो आणि चार वर्षांत आलेला नाही, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.

एकूण सदतीस वांगी. फ्रिजमध्ये अल्लाबक्षचं रान रात्रभर मसाल्यात मुरत होतं. आनंदरावांनी फ्रिज उघडला, रानाकडे पाहिलं आणि बंद केला. खोटं बोलणाऱ्याला त्याचं खोटं कधीतरी भाजून द्यावंच लागतं. त्यांनी ताटं उचलली आणि ते गच्चीवर चढले.

यंत्रात एका वेळी चौदा वांगी मावली आणि एका घाण्याला दीड तास लागला. म्हणजे तीन घाणे, साडेचार तास. आनंदराव टाकीजवळ खुर्ची टाकून बसले. आत धुरात वांगी हळूहळू सुरकुतत होती. खाली मुलगी झोपली असेल, उठली की कुणाचा तरी फोन येईल आणि ती जाईल. हा रविवारही गेला, असं त्यांना स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. सृष्टी डोळे चोळत वर आली. अंगावर आईची शाल, हातात दोन कप चहा.

"बेल थांबतच नाहीये, झोपणार कशी? लोक मला विचारतायत, भोयरांची वांगी झाली का. बाबा, तुम्ही काय धंदा काढलाय?"

आनंदरावांनी खरं ते सांगून टाकलं. दहा तासांचं मटण, 'इत्यादी', चंपाषष्ठी, साडी, समिधा, सगळं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. खुर्ची एकच होती. तिने टाकीमागची रिकामी बादली उपडी घातली आणि बापाच्या शेजारी बसली, ओट्याजवळच्या त्या स्टुलावर बसायची तशीच.

"तू आवडतं म्हणाली होतीस ना," आनंदराव म्हणाले.

"आवडतं असं नाही हो. ऑफिसातून आल्यावर गाडी न काढता चालत जाता येतं असं तिथे ते एकच दुकान आहे. तिथला म्हातारा विचारतो, कशी आहेस. म्हणून जाते." ती वाकून काचेतून वांगी कितपत झालीत ते बघू लागली. "बाकी तिथे कुणी विचारत नाही, बाबा."

मग ती बोलत राहिली. साहेब कसा आहे, नोकरी बदलावी का, पहिल्या वर्षी ती किती वेळा रडली आणि फोनवर कसं कळू दिलं नाही. मध्ये मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "आज नाही गं. माझ्याकडे वांगी आहेत." बारकी वांगी कुठली, लसणीची कुठली, ते तीच बघत होती. दुसरा घाणा काढला, तेव्हा आनंदरावांना आपण मोजत नाही आहोत हे ध्यानात आलं.

बारा वाजता शेवटचं वांगं घरोघर पोचलं. सालं नीट सुटत नाहीत अशा दोन तक्रारी आल्या, पण भरताच्या वाट्याही नऊ आल्या. रानाचा दीपमालाबाईंनी सोमवारी वर्धेकडचा झणझणीत रस्सा केला आणि सृष्टीने तो तीनदा वाढून घेतला. हात धुता धुता ती म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी पुन्हा लावायचं ना वर? रात्रीचं विमान आहे. दिवसभर बसता येईल."

मंगळवारी आनंदरावांनी दुसरा अर्ज केला. विषय होता, 'गच्चीवर दुसरी खुर्ची ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.' प्रयोजनाच्या रकान्यापाशी या वेळी ते थांबले नाहीत. 'यंत्रात मटण. खुर्चीवर मुलगी,' असं लिहिलं आणि खाली सही केली. 'इत्यादी' लिहिलं नाही.

शुक्रवारी उत्तर दाराखालून आत आलं. परचुऱ्यांच्या मुख्याध्यापकी अक्षरात चार ओळी होत्या. 'दुसरी खुर्ची मंजूर. मटण खालच्या जाळीवर ठेवावे, वरची जाळी रिकामी ठेवावी. तिसरी खुर्ची अध्यक्ष स्वतःची आणतील, दुपारी चार ते साडेचार. ही पार्टी समजू नये.'

आनंदरावांनी तो कागद दोनदा वाचला, आणि रविवारच्या यादीत, रानाच्या खाली, एक वांगं वाढवलं.